सीमेवरचा माणूस : वस्सकार-प्रसंगाचे एक परीक्षण

वर्षावासाच्या काळात आपल्या विहारांतून महापरिनिब्बान सुत्ताचे वाचन होते. त्यातील पहिला प्रसंग बहुतेक उपासक-उपासिकांच्या परिचयाचा आहे. मगधाचा राजा अजातशत्रू शेजारच्या वज्जींवर स्वारी करू इच्छितो. त्याचा महामात्य वस्सकार ब्राह्मण गृध्रकूट पर्वतावर भगवंतांकडे येतो. भगवंत वज्जींच्या सात अपरिहानीय धम्मांचा उल्लेख करतात आणि हे धम्म वज्जी पाळतील तोवर त्यांची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असे सांगतात. प्रवचनकार यावरून सहसा एकच तात्पर्य काढतात : एकी ठेवा. मग समाजातील फाटाफुटीविषयी चार शब्द बोलले जातात आणि सभा संपते.

हे तात्पर्य खोटे नाही. पण ते अपुरे आहे आणि अपुरे असल्यामुळेच घातक ठरण्याचा संभव आहे, असे आमचे मत आहे. एकीचा उपदेश आजवर दुबळ्यालाच अधिक केला गेला. सीमेपलीकडचा शत्रू दाखवायचा आणि घरातल्या अन्यायाविषयी तोंड मिटायला लावायचे, ही सत्ताधाऱ्यांची फार जुनी रीत आहे. तीच रीत भगवंतांच्या मुखी घालायची काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. सोलापूरकरांना तर हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. १९४८ पर्यंत या शहराच्या पूर्वेस काही कोसांवर निजामाचे राज्य सुरू होत होते आणि बार्शी तालुका बहुतेक बाजूंनी त्याच राज्याने वेढलेला होता. बलाढ्य शेजाऱ्याच्या छायेत राहणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याने अनुभवले आहे. म्हणून सुत्त, त्याची अट्ठकथा आणि बाबासाहेबांनी त्याला दिलेले नवे रूप यांचे एकत्र परीक्षण करून त्या कसोटीवर आमच्या सीमेचा इतिहास तपासण्याचे येथे योजिले आहे.

सुत्ताची मांडणी

या प्रसंगाची रचना लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. वस्सकार राजाचा मनसुबा निवेदन करतो. भगवंत त्याला थेट उत्तर देत नाहीत. पाठीशी उभे राहून वारा घालणाऱ्या आनंदाला ते एकामागून एक सात प्रश्न विचारतात. वज्जी वारंवार आणि मोठ्या संख्येने सभा भरवतात काय? एकमताने जमतात, उठतात, कामे करतात काय? न केलेला कायदा लागू करीत नाहीत आणि केलेला मोडीत नाहीत, जुन्या वज्जीधर्मानुसार चालतात काय? वृद्धांचे ऐकतात काय? कुलस्त्रियांना व कुमारींना बळाने पळवून नेत नाहीत ना? आपल्या चैत्यांचा मान राखतात काय? अर्हतांना संरक्षण देतात काय? आनंद प्रत्येक वेळी होकार देतो. या सात प्रश्नांत तटबंदी, हत्ती, रथ किंवा धनुर्धर यांची चौकशी एकदाही नाही. जे सात धम्म सांगितले ते सगळे वज्जींच्या घरातले आहेत. माणसे एकमेकांशी कशी वागतात, एवढीच ती चौकशी आहे.

वस्सकार चतुर आहे. यांतला एक धम्म असला तरी पुरे, मग सातांची गोष्ट काय, हे तो लगेच ओळखतो आणि वज्जी युद्धाने जिंकले जाणार नाहीत असे म्हणतो. त्यांना जिंकण्याचे दोनच मार्ग त्याला दिसतात : 'उपलापन' आणि 'मिथुभेद'. पहिल्याचा अर्थ गोड बोलून, नजराणे देऊन वश करणे. दुसऱ्याचा अर्थ आपसांत फूट पाडणे.

याच सुत्तात थोडे पुढे एक प्रसंग आहे, त्याकडे प्रवचनांत क्वचितच लक्ष दिले जाते. भगवंत पाटलीग्रामास येतात तेव्हा सुनीध आणि हाच वस्सकार तेथे नगर उभारीत असतात. कशासाठी? वज्जींना थोपविण्यासाठी. म्हणजे ज्याच्या भीतीने वज्जी अस्वस्थ, तो मगधही वज्जींच्या भीतीने भिंती चढवीत होता. बलाढ्यालाही शेजाऱ्याचे भय असते आणि त्या भयापोटीच तो अधिक बलाढ्य होऊ पाहतो. त्या नगराविषयी भगवंत सांगतात की पुढे त्याला तीन संकटे येतील : अग्नी, पाणी आणि मिथुभेद. जो शब्द वस्सकाराने वज्जींच्या नाशासाठी वापरला, तोच शब्द मगधाच्या भावी राजधानीला लावलेला आहे. दुबळ्या राज्याला एक नियम आणि सबळाला दुसरा, असे सुत्त मानीत नाही.

तिसऱ्या धम्माची अडचण

आमच्या वाचकांपैकी अनेकांना तिसरा धम्म खटकतो आणि तो खटकणे रास्त आहे. केलेला कायदा मोडू नये, जुन्या धर्माप्रमाणे चालावे, हा उपदेश मनुस्मृतीच्या कैवाऱ्यांनाही मानवेल. ज्या समाजाने २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जुना कायदा अग्नीला दिला, त्याने हा धम्म कसा स्वीकारावा?

या शंकेचे उत्तर बुद्धघोषांच्या अट्ठकथेत आहे. तिच्या मते न केलेला कायदा लागू करणे म्हणजे पूर्वी नसलेली जकात, पट्टी आणि दंड लोकांवर लादणे. जुना वज्जीधर्म म्हणजे न्यायदानाची एक पायरीवार पद्धत. आरोपीला एकदम शिक्षा होत नसे. त्याची चौकशी एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे, मग कायदा जाणणाऱ्यांकडे, आठ कुळांच्या प्रतिनिधींकडे, सेनापतीकडे, उपराजाकडे आणि शेवटी राजाकडे जाई. यांपैकी कोणालाही तो निर्दोष वाटला तर तेथेच त्याची सुटका होई. म्हणजे हा धम्म रूढीचे समर्थन नसून मनमानी सत्तेला घातलेला लगाम आहे.

पुढे अट्ठकथाकार जे म्हणतात ते आम्हांस या साऱ्या प्रकरणाचे मर्म वाटते. असा लगाम सुटला तर काय होते? नाडलेली माणसे घरदार सोडून राज्याच्या सीमेकडे जातात, तेथे दरोडेखोर होतात किंवा त्यांना सामील होतात आणि मग उलटून जनपदावर घाला घालतात. स्त्रियांवरील बळजबरीविषयीच्या पाचव्या धम्माच्या विवरणातही हाच कार्यकारणभाव सांगितला आहे. ज्यांच्या घरातील मुली ओढून नेल्या, ती माणसे संतापून सीमेचा रस्ता धरतात.

अन्याय झालेला माणूस सीमेकडे जातो. सीमेवरचे भय पुष्कळदा पलीकडून आलेले नसते. ते आपल्याच गावातून निघून तेथे पोचलेले असते. केवळ 'एकी ठेवा' असे सांगणारे प्रवचन ही मधली पायरी गाळते. नाडलेल्या माणसाला ते एकीचा उपदेश करते आणि नाडणाऱ्याला काहीच सांगत नाही.

वज्जींचा पाडाव

वज्जी कसे पडले, हेही अट्ठकथा सांगते. अजातशत्रू आणि वस्सकार खोटे भांडण करतात. वज्जींचा कैवार घेतल्याचे निमित्त करून वस्सकाराला मुंडन करून हाकलले जाते. लिच्छवी त्याला आश्रय देतात, त्याच्या पूर्वीच्याच अधिकारपदावर नेमतात. तो राजपुत्रांना शिकवू लागतो. मग एका लिच्छवीला बाजूला घेऊन तो शेतीच्या किंवा जेवणाच्या अगदी साध्या गोष्टी विचारतो. दुसरे विचारतात, आचार्य काय म्हणाले? तो खरे सांगतो, पण कोणाचा विश्वास बसत नाही. पुढे वस्सकार एकाला म्हणतो, तू फार दरिद्री आहेस म्हणे. दुसऱ्याला म्हणतो, तू भित्रा आहेस म्हणे. कोण म्हणाले, असे विचारल्यावर तो दुसऱ्या लिच्छवीचे नाव सांगतो. तीन वर्षांत दोन लिच्छवी एका वाटेने चालेनासे होतात. शेवटी शत्रू आल्याची भेरी वाजते, तेव्हा लोक म्हणतात की श्रीमंतांनी जमावे, शूरांनी जमावे. आमचे काय काम? अजातशत्रू उघड्या वेशीतून आत येतो.

ही कथा परक्याच्या कपटाची म्हणून सांगितली जाते. आम्हांस ती अधिक लिच्छवींच्या समाजाची वाटते. वस्सकाराने आणलेली ठिणगी पडली ती वाळलेल्या गवतावर. ज्या समाजात दारिद्र्य ही लाज असते आणि प्रतिष्ठा हा काहींचा मक्ता असतो, तेथेच 'तू दरिद्री' हे शब्द विषासारखे भिनतात. जातककथा वैशालीत ७,७०७ राजे असल्याचे सांगतात. सभेत बसणारे ते हेच. दास आणि कामकरी त्या सभेत नव्हते. भेरी वाजली तेव्हा त्यांना कोणी बोलावले होते काय, हे कथा सांगत नाही. गणराज्याचा गौरव करताना आपण हे विसरू नये.

शाक्यांचे धुतलेले आसन

दुसरे उदाहरण भगवंतांच्या स्वतःच्या कुळाचे आहे. शाक्य लहान, कोसल मोठे. शाक्यांवर कोसलाचे आधिपत्य होते. कोसलराज पसेनदीने शाक्यांकडे वधू मागितली. नकार देण्याची ताकद नव्हती आणि आपल्या रक्ताची मुलगी परकुळात देण्याची तयारीही नव्हती. म्हणून महानाम शाक्याला दासीपासून झालेली वासभखत्तिया ही मुलगी कुलकन्या म्हणून पाठवण्यात आली. तिचा मुलगा विडूडभ मोठा होऊन आजोळी आला. तो परतल्यावर, तो ज्या आसनावर बसला होता ते दासीपुत्राचे आसन म्हणून दुधाच्या पाण्याने धुतले गेले. हे त्याच्या कानी पडले. राजा झाल्यावर त्याने शाक्यांचा संहार केला. अट्ठकथेनुसार भगवंत तीन वेळा सीमेवर, विरळ सावलीच्या झाडाखाली जाऊन बसले आणि आप्तांची सावली शीतल असते असे सुचवून त्यांनी सैन्य परत फिरवले. चौथ्या वेळी ते गेले नाहीत.

विटाळलेले आसन धुणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. बलाढ्य शेजाऱ्यापुढे मान तुकवायची, पण दासीच्या मुलाच्या स्पर्शाने आसन बाटते हा अहंकार सोडायचा नाही, असा हा दुहेरी व्यवहार होता. विडूडभाची क्रूरता क्षम्य नाही. मुलाबाळांच्या कत्तलीला कोणताही अपमान हे कारण पुरत नाही. परंतु शाक्यांच्या अस्वस्थतेचे मूळ कोसलाच्या हत्तीदलात जेवढे होते तेवढेच त्या दुधाच्या पाण्यातही होते.

बाबासाहेबांचे शीर्षक

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी वस्सकाराचा प्रसंग सामाजिक-राजकीय प्रश्नांवरील प्रवचनांत घेतला आहे. त्यांनी त्याला दिलेल्या शीर्षकाचा आशय असा की राजकीय आणि लष्करी सामर्थ्य समाजव्यवस्थेवर अवलंबून असते. परंपरेने ज्यात एकी वाचली, त्यात बाबासाहेबांनी समाजव्यवस्था वाचली. या एका शीर्षकाने प्रसंगाचा रोख बदलतो. प्रश्न 'तुम्ही एकत्र आहात काय' एवढाच राहत नाही. 'कोणत्या व्यवस्थेत एकत्र आहात' असा होतो.

या वाचनाला ग्रंथाच्या आरंभीच बाबासाहेबांनी आधार दिलेला आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा होतो, शाक्य संघ युद्धाचा ठराव करतो आणि सिद्धार्थ विरोध करतो. एकट्याचा विरोध बहुमतापुढे टिकत नाही. सेनापती त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालण्याची आणि जमीन जप्त करण्याची धमकी देतो. देहदंड किंवा हद्दपारी द्यावी तर ती गोष्ट कोसलराजाच्या कानावर जाऊन तो संघाला जाब विचारील, ही सेनापतीची अडचण. तेव्हा परिव्रज्येचा मार्ग सिद्धार्थ स्वतः सुचवतो. धम्मानंद कोसंबी यांनीही चार दृश्यांची दंतकथा नाकारून गृहत्यागाचा संबंध शाक्य-कोलियांच्या कलहाशी जोडला होता. बाबासाहेबांनी त्या कलहाला संघसभेचे आणि बहिष्काराचे रूप दिले.

म्हणजे आपल्या ग्रंथात एकीचे दोन प्रकार समोरासमोर आहेत. वज्जींची एकी सभेत विचारविनिमय करून होते. शाक्य संघाची एकी बहिष्काराच्या धाकाने होते आणि ती संघातल्या सर्वांत शहाण्या माणसाला देशाबाहेर काढते. पुढे शाक्य-कोलियांचा समेट झाल्याचे सिद्धार्थाला कळते, तरी तो परत फिरत नाही. राजाराजांतला कलह कधी तरी मिटतो. वर्गावर्गांतला कलह नित्याचा आहे आणि दुःखाचे मूळ तेथे आहे, असा निष्कर्ष बाबासाहेबांचा सिद्धार्थ काढतो. सीमेवरच्या युद्धाकडून तो घरातल्या युद्धाकडे वळतो. अट्ठकथेतला नाडलेला माणूस घरातून सीमेकडे जातो. सिद्धार्थ सीमेवरून विचार करीत घरापर्यंत येतो. दोन्ही वाटा एकच रस्ता दाखवतात.

सोलापूरची सीमा

आता आमच्या सीमेकडे पाहू. निजामाचे हैदराबाद सुमारे ८२,००० चौरस मैलांचे आणि दीड कोटीहून अधिक लोकवस्तीचे राज्य होते. १५ ऑगस्ट १९४७ नंतर ते भारतात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी मराठवाड्यातील गावांवर अत्याचार केले. त्या काळात उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून माणसे जीव मुठीत धरून सोलापूर-बार्शीकडे आली. २२ मे १९४८ रोजी सोलापूर आणि गुलबर्गा यांच्या दरम्यान गाणगापूर स्थानकावर आगगाडीवर हल्ला झाला. १३ सप्टेंबरला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सैन्य सोलापूरहून निघाले, नळदुर्ग आणि बोरी नदीवरचा पूल त्याने पहिल्याच दिवशी घेतला आणि १८ सप्टेंबर रोजी हैदराबादने शरणागती पत्करली.

हा इतिहास सर्वज्ञात आहे. आमचा प्रश्न असा की या सीमेवर दलित कोठे उभा होता? शेजारचे बलाढ्य राज्य कोणते, याचे उत्तर माणूस कोठे उभा आहे यावर ठरते. दिल्लीला हैदराबाद हा पोटातला शूळ वाटत होता, हैदराबादला भारत हा बलाढ्य शेजारी वाटत होता. बोरी नदीच्या दोन्ही तीरांवरच्या महारवाड्याला मात्र या दोघांच्या आधी तिसराच बलाढ्य शेजारी होता आणि तो म्हणजे गाव. पाणवठा त्याचा, रस्ता त्याचा, चावडी त्याची. महारवाड्याने या शेजाऱ्याच्या भयात शतके काढली. १९४१ च्या फेब्रुवारीत निजामाच्या मुलखातील कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली, ती याच शेजाऱ्याच्या बिनमोल राबणुकीविरुद्ध होती. राज्य बदलले तरी वतन बदलत नव्हते.

अशा स्थितीत हैदराबाद संस्थानातील काही दलित नेते निजामाच्या बाजूस गेले. बी. एस. वेंकटराव लायक अली यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. बी. श्यामसुंदर हैदराबादची बाजू मांडण्यासाठी राष्ट्रसंघाकडे गेलेल्या शिष्टमंडळात होते. त्यांना केवळ स्वार्थी म्हणून निकालात काढणे सोपे आहे. निजामाच्या दरबाराकडून जे झाले ते 'उपलापन' होते, यात शंका नाही. पण उपलापन कोणावर चालते? ज्याला घरात कधी मान मिळाला नाही त्याच्यावर ते लवकर चालते. अट्ठकथेतील नाडलेला माणूस येथे आपल्या ओळखीच्या चेहऱ्याने भेटतो.

बाबासाहेबांना हे दिसत होते, म्हणूनच नोव्हेंबर १९४७ मधील त्यांचे निवेदन महत्त्वाचे आहे. हैदराबादमधील अनुसूचित जातींनी निजामाची व इत्तेहादची बाजू घेऊ नये, धर्मांतराच्या दडपणाला बळी पडू नये, हिंदूंनी आपल्यावर कितीही जुलूम केला असला तरी त्यामुळे आपली दृष्टी विकृत होऊ देऊ नये, असे त्यांनी बजावले. या निवेदनात देशनिष्ठेचा उपदेश आहे म्हणून त्याचे कौतुक होते. त्याचा दुसरा अर्धा भाग मात्र दुर्लक्षिला जातो. जुलूम झाला नाही, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. जुलूम मान्य करून, त्याचा हिशेब पुढे मागण्याचा हक्क राखून, नाडलेल्या माणसाला सीमेकडे न जाण्याची विनंती त्यात आहे. ही विनंती ज्यांनी ऐकली त्यांच्याप्रती देशाचे देणे लागत होते.

जेत्याचे कर्तव्य

ते देणे फिटले काय? बाबासाहेबांच्या ग्रंथात वस्सकार-प्रसंगाच्या पाठोपाठ युद्धाचे अयोग्यत्व आणि नंतर विजेत्याचे कर्तव्य असे दोन भाग येतात. हा क्रम सहज आलेला नाही. शेजाऱ्याचे भय, मग युद्ध, मग विजय अशी ती साखळी आहे. जेत्याने पराभूताला तुच्छ लेखू नये, विजयाचा उपयोग पराभूताच्या सेवेसाठी करावा, हे तेथील सार आहे.

१९४८ च्या विजयानंतर काय घडले? भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने संस्थानात फिरून किमान २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. मारले गेलेले मुख्यतः मुसलमान होते. सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत आमच्या सीमेला लागून असलेले उस्मानाबाद आणि गुलबर्गा होते. हा अहवाल अनेक वर्षे प्रसिद्धच झाला नाही. रझाकारांचे अत्याचार खरे होते. त्यांची किंमत ज्यांनी मोजली त्यांतले असंख्य लोक रझाकार नव्हते. निजाम स्वतः मात्र १९५० मध्ये राजप्रमुख झाला. बलाढ्य शेजारी पडला तेव्हा राजाला मान मिळाला आणि त्याच्या राज्यातील गरिबाला मरण. बौद्धांनी या विजयाचा दिवस साजरा करताना हेही आठवले पाहिजे. मैत्री हा शब्द केवळ वंदनेत म्हणण्यासाठी नाही.

आणि दलितांचे? जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात होताच त्याच मराठवाड्यात दलित वस्त्या जाळण्यात आल्या. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत थांबावे लागले. निजाम जाऊन तीस वर्षे झाली होती. सीमा पुसली गेली होती. गावाचा आणि वस्तीचा बांध मात्र जागेवर होता.

शेजारी आणि आपण

बाबासाहेबांनी बलाढ्य शेजाऱ्याच्या प्रश्नाकडे कधी भाबडेपणाने पाहिले नाही. मंत्रिमंडळातून बाहेर पडल्यावर १९५१ मध्ये त्यांनी सांगितले की देशाच्या सुमारे ३५० कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलापैकी १८० कोटी सैन्यावर खर्च होतात आणि याचे कारण आपण मित्र जोडले नाहीत हे आहे. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत-चीन करार झाला आणि त्याला आपल्या पंचशीलाचे नाव मिळाले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला राज्यसभेत त्यांनी या नावावरच बोट ठेवले. माओंचा पंचशीलावर विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना वेगळे वागविले असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तिबेटवर चीनला ताबा घेऊ दिल्याने तो आपल्या सीमेशी येऊन भिडला, हाही इशारा त्यांनी दिला. १९५९ मध्ये दलाई लामांना तिबेट सोडावे लागले आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये युद्ध झाले. शीलाचे नाव घेणे म्हणजे शील पाळणे नव्हे. वस्सकारही भगवंतांना वंदन करण्यासाठीच गृध्रकूटावर आला होता.

असा सावध असणारा हा माणूस २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत स्वातंत्र्याच्या भवितव्याविषयी बोलला तेव्हा त्याने आधी परकीय सैन्याची चर्चा केली नाही. पूर्वी देश स्वतःच्या माणसांच्या फितुरीने गेला, याची उदाहरणे दिली. नंतर राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतला विरोध लवकर मिटवला नाही तर विषमता सोसणारेच ही इमारत उद्ध्वस्त करतील, असे बजावले. जाती राष्ट्रविरोधी आहेत, हेही त्याच भाषणात आहे. वस्सकार-प्रसंगावर याहून नेमके भाष्य आम्हांस माहीत नाही. फितुरीचे भय आणि विषमतेचा इशारा एकाच भाषणात येतात, कारण पहिल्या गोष्टीचे बीज दुसरीत आहे.

तेव्हा विहारांतून हे सुत्त वाचताना आमची प्रवचनकारांस एवढीच सूचना आहे. सात धम्मांपैकी दुसऱ्यावर थांबू नये. सभा भरते काय, याबरोबर तिच्यात कोण बसतो हे विचारावे. तिसरा धम्म अट्ठकथेसह वाचावा आणि मनमानी दंड कोणाला होतो हे पाहावे. पाचवा धम्म वाचताना गावोगावच्या लेकीसुनांची आठवण ठेवावी. हीच कसोटी आपल्या चळवळीलाही लावावी; आपल्यातही 'तू दरिद्री', 'तू भित्रा' असे कानात सांगणारे आहेत आणि ते ऐकून घेणारे कानही आहेत. वेगळे मत मांडणाऱ्यावर बहिष्कार घालून केलेली एकी शाक्य संघाची एकी होय, हे ओळखावे.

वज्जींची वेस वस्सकाराने उघडली नव्हती. ती बंद करायला कोणी आलेच नाही, एवढेच झाले. आपल्या देशाच्या वेशीवर भेरी वाजेल तेव्हा 'आमचे काय काम' असे म्हणण्याची पाळी कोणावर येऊ नये, अशी व्यवस्था भेरी वाजण्यापूर्वी करायची असते. ती सीमेवर होत नाही. ती पाणवठ्यावर, चावडीवर, शाळेत आणि न्यायालयात होते.